आधी चमचा पुसा!

मी एक जुनी, चिनी मातीची, लोणच्याची बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी आणि पोट चांगलंच सुटलेलं. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी वैतागले आहे!

माझा जन्म भट्टीतला. तिथे अशी भाजून निघाले की मीठ, तिखट, लिंबाचा आंबटपणा, कशानेच माझं काही बिघडलं नाही. घात केला तो पाण्याने.

आमच्या घरातली आई दरवर्षी लिंबाचं लोणचं घालते. लिंबं धुते, पसरते, एकेक पुसते. मला कडकडीत उन्हात बसवते. फोडी भरल्या की माझ्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधते आणि घरच्यांना दम देते, "पाहुण्यांसाठी आहे हं! हात लावाल तर याद राखा." पाहुणे बोटं चाटत. "वहिनी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं कुणी म्हटलं की आईच्या आधी मीच फुगायची.

मग गेल्या वर्षी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला चमचा ती कधी तसाच उचलत नाही. नळाखाली धुतला, दोनदा झटकला आणि थेट माझ्या पोटात! पाहिलं कुणी? मी. फक्त मी.

पुढच्या खेपेला तिने झाकण उघडलं तर वर बुरशी. "वहिनी," ती नाक मुरडून म्हणाली, "लोणचं म्हणजे पोरखेळ नाही. स्वच्छता लागते."

आईचा चेहरा एवढासा झाला. आत्या गेल्यावर सगळ्यांची उलटतपासणी सुरू.

"ओला चमचा कुणी घातला?"

"माझ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "मी तर वासावरच जेवतो!"

मुलं शपथा घेऊन दमली. आणि मी? खरं ठाऊक असून तोंडाला झाकण! मला घासून माळ्यावर टाकलं आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. चिमटे, मित्रांनो! लोणच्याच्या बरणीत!

यंदा आत्या येणार असं कळलं आणि आईने मला खाली काढलं. "हे शेवटचं," ती बाबांना म्हणाली. "हेही बिघडलं तर पुन्हा या घरात लोणचं घालणार नाही. विकतचं आणा आणि खा."

लोणचं सुरेख मुरलं. आत्या आली, पानं वाढली, आईने माझ्याशेजारी कोरडा चमचा ठेवला.

"धुतलेला आहे ना?" आत्याने विचारलं. उत्तराची वाट कोण बघतो! उठली, नळाखाली धरला, दोनदा झटकला. टोकाला टपोरा थेंब लोंबत होता. चमचा माझ्या तोंडाशी आला. अरे, कुणीतरी बघा रे!

आईने बघितलं. पाहुण्यांपुढे कधी ब्र न काढणाऱ्या आईने आत्याचं मनगट गच्च धरलं.

"ताई, चमचा ओला आहे."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. आत्या चमच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"वहिनी... गेल्या वर्षीही मी असाच..."

आईने कोरडं फडकं पुढे केलं. आत्याने चमचा पुसला. एकदा, मग उजेडात धरून पुन्हा. फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"जाताना एक बाटली भरून द्याल का हो मला?"

"आधी आमची माफी मागा!" मुलं ओरडली.

"आणि माझे चिमटे कुठे ठेवायचे आता?" बाबांनी विचारलं, आणि आई वर्षभराचं हसली.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत. चमचा खुशाल धुवा, दहादा धुवा. पण माझ्या पोटात घालण्याआधी पुसा! आणि घरात काही बिघडलं की आधी मुलांकडे बघू नका. मी सगळं बघत असते.