गुडघ्यातलं पाणी

डॉ. मृण्मयीनं सुई आत घातली आणि वीरण्णाच्या गुडघ्यातलं पिवळसर पाणी नळीत चढू लागलं. हैदराबादपर्यंत ट्रक नेणारा माणूस लातूरच्या त्या दवाखान्यात लाल झालेल्या डोळ्यानं छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिला.

"पिकल्या पपईवानी झालतं ढोपर," बायको शिवकांता म्हणाली.

"जंतू कधी कधी दुसरीकडंच येतो, अन् सांधा मागून सुजतो," डॉक्टर म्हणाल्या. "मधी जुलाब झाले होते का?"

"हाव. लई," वीरण्णा लगेच बोलला.

शिवकांतानं त्याच्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांनी सांगितलेली पट्टी आणायला ती खाली मेडिकलवर गेली.

दार मिटलं. डॉक्टरांनी आवाज हळू केला.

"जुलाबाचं नाही हे. तुमच्या लघवीत जंतू सापडलाय. संबंधातून येतो तो. डोळा त्यानंच लाल, गुडघाही त्यानंच. गोळ्या दोघांनी घ्यायच्या. वहिनींना सांगावं लागेल."

पंखा.

पंख्यात धाब्यामागची खोली. खोलीत निळा बल्ब.

पंखा.

निलंग्याच्या जीपमध्ये त्याला डुलकी लागली. गुडघ्याचा कंदील झाला होता. तो हातात धरून शिवकांता घरभर फिरत होती, एकेक कोपरा उजळत.

"काय हुडकायलीस?"

ती पुढच्या खोलीत गेली.

जाग आली तेव्हा तिचा हात खरंच गुडघ्यावर होता.

"लई तापलंय," ती म्हणाली.

औसा आलं की सांगतो.

औसा गेलं.

लामजना आलं की.

लामजनाही गेलं.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ओसरीवर तिचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. उकडतंय म्हणून बरेच दिवस ती बाहेरच निजत होती. त्यालाही ते बरंच वाटलं होतं.

त्यानं गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढं ठेवलं.

"ह्या तूबी घे. ताकदीच्या हायत."

शिवकांतानं पाकीट उलटसुलट केलं. आत गेली. पिठाच्या डब्यामागून तसंच एक पाकीट घेऊन आली. रिकामं.

"माझ्या झाल्यात. म्हायेरी गेल्ते तवा डॉक्टरीणबाईनं दिल्त्या. म्हणली, मालकाला पाठवा." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. "मी म्हणलं, तुमीच सांगताल."



बाहेर गार वारं सुटलं होतं. शिवकांतानं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला आणि अंथरूण ओसरीवरच पसरलं.