भिमाबाईची साक्ष

सत्तर सालच्या सुमाराला पिंपरीच्या कंपनीत नोकरीला असलेला भिमाबाईचा कोंडीराम गावच्या ग्रामपंचायतीत राखीव जागेवर निवडून आला आणि अण्णासाहेब पाटलांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी आपला पडलेला माणूस पुढं करून पुण्याच्या कोर्टात अर्ज ठोकला: कोंडीराम बौद्ध, जागा अनुसूचित जातीची, सबब निवड रद्द करा.

“अवघड आहे,” कोंडीरामचा वकील म्हणाला. “जो हिंदू किंवा शीख नाही, तो अनुसूचित जातीत धरायचा नाही, असा हुकूमच आहे. वरच्या कोर्टांचे निकालही तसेच. घटनेतलं समतेचं कलम घेऊन भांडता येईल, पण हरू. त्यापेक्षा आईनं सांगावं, आम्ही धर्म बदललाच नाही.”

भिमाबाईचं डोकं भणाणलं. “घटना बाबांनी लिवली, धम्म बी बाबांनीच दिला. मग एकापायी दुसरा सोडायचा व्हय?”

“मुद्दा चांगला आहे,” वकील म्हणाला, “पण पुराव्यात चालत नाही.”

छप्पन साली तिनं स्वतःच्या हातानं घरचे देव पवनेत सोडले होते. त्याच हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं पाटलांचं मेलेलं जनावर ओढायला नकार दिला, मार खाल्ला आणि त्या मारानंच गेला. हे सगळं ठाऊक असून कोंडीरामनं चिंचवडहून देवांचे टाक आणले, नवे दिसू नयेत म्हणून चुलीच्या धुरावर धरले आणि बाबांची तसबीर ट्रंकेत घातली. मेंबरकीची हाव अशी निर्लज्ज असते. पण एकुलता एक लेक तो. त्यानं पाय धरले आणि म्हातारी विरघळली.

पिंजऱ्यात उभी राहून ती म्हणाली, “आमी म्हारच हाय. द्येव घरात हायेत.” बोलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोंडीराम जिंकला. गुलाल उधळला, पण बौद्धवाड्यातलं एक माणूस तिकडं फिरकलं नाही.

अंगावरचा गुलाल पुरता निघायच्या आत एका सकाळी खुद्द अण्णासाहेब दारात आले. हरलेला माणूस इतका खुशीत कसा, हेच भिमाबाईला कळेना.

“भिमे, गोठ्यात रेडकू मेलंय. ओढून ने.”

“ते काम आमी सोडलंय, आण्णासाब.”

“बौद्धांनी सोडलं. तू तर शपथेवर म्हारीण झालीस. न्हाई म्हण की! हायकोर्टात तेवढंच सांगतो.”

कोंडीराम फर्स्ट शिफ्टला निघाला होता. पाटील वळल्यावर तो हळूच म्हणाला, “आये, हायकोर्टात जायची मुदत सरंस्तवर न्हाई म्हनू नगंस.”

“तुज्या बापानं न्हाई म्हटलं व्हतं.”

“म्हनूनच मेला,” तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

भिमाबाईनं रेडकाच्या पायांना दोर बांधला. वाट बौद्धवाड्यावरूनच जात होती. बाया दारात येऊन बघत होत्या. चढावर तिचा दम तुटला. समोर कस्तुरा उभी होती. त्या दिवशी पवनेत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोघींनी मिळून देव सोडले होते.

“कस्तुरे, जरा हात लाव गं.”

कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उंबऱ्याबाहेर आली नाही.

“आमी बौद्ध हाय, भिमाबाई,” ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.