लंकाकाकूंचं रडणं

नाथाकाका गेले हे कळल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायची लाज वाटते. पण सांगते. मला वाटलं, चला, प्रोजेक्टचं काम झालं.

मी तेव्हा नाशिकला टी.वाय.ला होते, समाजशास्त्र घेऊन. 'मृत्युविधी आणि सामाजिक एकात्मता' असा माझा विषय होता, वीस मार्कांचा. माणूस गेला की समाजाला खिंडार पडतं, मग विधी करून समाज ते बुजवतो, त्यात प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते, असं सर शिकवायचे. मी ते वहीत अधोरेखित करायचे. आमचं गाव ओझरच्या अलीकडे, घरटी झेंडू नाहीतर कोथिंबीर. नाशिकच्या द्वारका चौकात बस बदलून कॉलेजला जाणारी गल्लीत मी एकटीच, म्हणून मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. गाढव होते नुसती.

आईच्या मागे मी गल्लीतल्या नाथाकाकांच्या अंगणात जाऊन बसले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाकरी कुणी करायच्या आणि पिठलं कुणी, हे शेजारणींनी दोन मिनिटांत ठरवलं. मी मनात म्हटलं, श्रमविभागणी. फोन ओढणीखाली होता आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

लंकाकाकू म्हणजे नाथाकाकांची बायको. गावात कुणीही जावो, रडायला सुरुवात त्याच करायच्या. त्यांनी हेल काढला की बाकीच्या बायांना वाट मिळायची. त्या दिवशी तर त्यांचाच माणूस गेलेला. नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून त्या म्हणत होत्या, "चार दिस दूध मागितलं रे राजा, सुनेनं भांडं उपडं घातलं, अन् मी मेली गप बसले रे."

सून उज्वला तिथंच होती. तिनं सासूला पाठीमागून मिठी मारून धरलं होतं. ती स्वतः रडत होती आणि आपल्या पदरानं सासूचं नाक पुसत होती. एकाही बाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. घरी आल्यावर वहीत लिहिलं, 'कौटुंबिक संघर्षाचा पुरावा.'

वर्गात मी ते रेकॉर्डिंग लावलं. सर म्हणाले, अस्सल आहे. मुलींनी मागितलं, तर मी फुशारकीनं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. काकूंना विचारावं, निदान नावं तरी काढावीत, असं मला सुचलंसुद्धा नाही. वर्गात देवळ्याची एक मुलगी होती, आणि उज्वलाचं माहेर देवळ्याचं.

चौथ्या दिवशी उज्वलाचे दोघे भाऊ दारात उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. बहिणीचं नाव दहा गावांत झालं, आता ती या बाईबरोबर एका छपराखाली राहणार नाही, एवढंच ते म्हणाले. उज्वला आत तोंड झाकून बसली होती. तिचा नवरा संतोष दिवसभर ओट्यावर बसून राहिला आणि संध्याकाळी आईची गोधडी नि पेटी उचलून मळ्यात गेला. तिथं विहिरीवर मोटारीची खोली आहे. लंकाकाकू तिथं राहायला गेल्या. त्यांचा दहावा त्यांच्याविनाच झाला, म्हणजे नाथाकाकांचा हो. घरच्या बाईला घाटावर कुणी नेलंच नाही.

माझी आजी नवसाबाई आणि लंकाकाकू जिवाभावाच्या. आजीनं मला समोर बसवलं. मला वाटलं, शिव्या घालेल. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रडताना बाई जे बोलती ना, ते मयतासंगं जातं," ती म्हणाली. "उज्वलाला हे ठाऊक होतं, म्हणून तर तिनं सासूला धरलं होतं. तू ते मागं घेऊन आलीस."

जा, पाया पड, असं तिनं बजावलं. मी म्हटलं, परीक्षा झाली की जाते. परीक्षा झाली, वीसपैकी अठरा मार्क पडले, पण मी गेले नाही. मळ्याकडची वाटच टाकली. आजी मात्र रोज दुपारी डबा घेऊन जायची आणि दिवे लागायला परत यायची. माझ्याशी बोलायची, पण पूर्वीसारखं नाही.

दिवाळीनंतर आजी गेली, झोपेतच.

अंगण बायांनी भरलं. आजीला मधोमध ठेवलं होतं आणि सगळ्या वाट बघत होत्या. लंकाकाकू मळ्यातून चालत आल्या. अनवाणी होत्या, फार वाळल्या होत्या. आजीच्या उशाशी बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे.

मी दोन्ही हात पुढे केले. म्हटलं, "नाहीये काकू. फोन आत ठेवलाय. खरंच नाहीये."

"असू दे पोरी," त्या म्हणाल्या. "आता तोंडाला येतच नाय."

त्या गप्प बसल्या. मग बाकीच्या बायाही गप्पच राहिल्या. भिंतीपाशी उज्वला उभी होती, तिनं हुंदका आला तसा पदरात दाबला. कुणाला काही बोलायचं असेल तर त्यांनी ते गिळलं. माझ्या आजीनं आयुष्यभर गल्लीतल्या प्रत्येक मयताला आसवं गाळली, आणि तिच्यापाशी मात्र फक्त माश्या हाकलल्याचा आवाज येत होता. माणसं तिरडी उचलायला पुढे झाली तेव्हा आई माझ्याजवळ आली. ती मला कधी टाकून बोललेली नाही, त्या दिवशीही आवाज साधाच होता.

"तुझ्याकडं हाय ना लंकाबाईचं रडणं? लाव मग तेच. तशीच जाईल का माझी सासू?"

मी ते रेकॉर्डिंग अजून पुसलं नव्हतं. हे आईला कसं ठाऊक, कुणास ठाऊक.