गौरीचा रेणू

गौरी चार वर्षं एकाच रेणूच्या मागे होती. पाण्यापासून हायड्रोजन इंधन मिळवायचं, तर पाण्यातला ऑक्सिजन सुटा करणं सगळ्यात अवघड. ते सोपं करणारा हा उत्प्रेरक रेणू तिनं कोबाल्टपासून घडवला होता. भोपाळच्या त्या प्रयोगशाळेत तिच्याइतके बुडबुडे कुणाच्याच काचपात्रात उठत नव्हते. तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला, तेव्हा आईनं अरेरा कॉलोनीत पेढे वाटले.

त्याच आठवड्यात नागपूरहून नवीन आलेल्या विनितानं गौरीचा वापरलेला इलेक्ट्रोड धुतला आणि चुकून नुसत्या क्षाराच्या द्रावणात बुडवला. त्यात रेणू नव्हताच. तरी वीज सोडताच त्यावर बुडबुडे आले.

"ताई, हे बघा ना."

"नीट धुतला नसशील." गौरीचा आवाज चढला.

मग तिनं स्वतः तीनदा धुतला. बुडबुडे तेवढेच. सूक्ष्मदर्शकाखाली इलेक्ट्रोडवर कोबाल्ट ऑक्साइडचा पातळ थर दिसला. तिचा रेणू काही मिनिटांतच मोडत होता आणि सगळं काम तो थर करत होता.

दोन दिवस ती जुन्याच नोंदी चाळत राहिली, कुणाकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी विनितानं हळूच विचारलं, "ताई, मी हे कुणाला सांगायचं नाही का?"

गौरीला एकदम लाज वाटली. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि दोघी यशवंत सरांच्या खोलीत गेल्या. तेच तिचे मार्गदर्शक. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

सरांनी आलेख दोनदा पाहिले.

"निबंध मागे घ्यावा लागेल."

"हो सर."

"पीएच.डी. लांबेल तुझी."

"माहीत आहे."

त्यांनी आलेख बाजूला ठेवले. "रेणूशिवायची ही चाचणी मी तुला पहिल्या वर्षीच सांगायला हवी होती. संपादकांना पत्र मी लिहितो. चूक माझ्या नावावर जाऊ दे."

गौरीनं खूप आवरलं होतं. तिथे मात्र तिला रडू आलं. विनितानं पाण्याची बाटली पुढे केली.

पदवी दीड वर्ष लांबली. त्या काळात रेणू नेमका कुठे मोडतो ते गौरीनं शोधलं, आणि त्या निबंधावर विनिताचंही नाव घातलं. सर निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा येत राहिले. आता दोघी तो कच्चा दुवा बदलून नवे रेणू बनवतात. परवाचा चाळीस मिनिटं टिकला.