रिंगमागची फळी

प्रमोदिनी कारखानीसला राग आला की ती बोलायची कमी आणि चालायची जोरात. १९६१ साली ती बंगळूरच्या बसवनगुडी भागातल्या रस्त्यांवरून इतकी जोरात चालली, की नवरा विद्याधर मागून म्हणायचा, अगं, चपला तरी टिकू देत.

ती मुलींच्या एका शाळेत खेळाची बाई होती आणि भारताच्या महिला नेटबॉल संघाची कॅप्टन. भारताचा संघ म्हणायचा, पण सातातल्या पाच जणी बंगळूरच्याच होत्या, कारण हा खेळ इथल्या आणि मद्रासच्या मोजक्या मुलींच्या शाळांबाहेर कुणाला ठाऊकच नव्हता. संघ नावाला होता. दुसऱ्या देशाशी तो एकदाही खेळलेला नव्हता. आता मात्र विलायतेत १९६३ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरणार होती, आणि त्याआधी, बासष्टच्या जानेवारीत, सिलोनचा संघ बंगळुरात येऊन एक सामना खेळणार होता. तो सामना बरा झाला तर विलायतेचं दार उघडणार होतं. प्रमोदिनीला सत्ताविसावं लागलं होतं. पुन्हा असं दार उघडेपर्यंत आपण खेळत नसू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि सगळं घोडं अडलं होतं एका फळीपाशी.

नेटबॉलची रिंग नुसत्या खांबावर असते. तिच्यामागे फळी नसते. चेंडू वरून, अचूक, थेट रिंगमध्ये पडावा लागतो. पण नेटबॉल मंडळाच्या मैदानावर खांब होते ते पुरुषांच्या बास्केटबॉल क्लबचे, पाठीमागे भल्या थोरल्या लाकडी फळ्या ठोकलेले. बायका त्याच खांबांवर सराव करायच्या. प्रमोदिनी स्वतः गोल करणारी. फळीवर रंगवलेल्या चौकोनाचा कोपरा हेरायचा, चेंडू तिथे आपटायचा आणि आत पाडायचा, ही तिच्या हाताला सवय जडली होती. दहातले आठ जायचे. ते आठही खोटे आहेत हे तिला कळत होतं आणि त्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मंडळाचे सेक्रेटरी शेषगिरीअण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, बोलायला लोण्यासारखे मऊ. पुरुषांच्या क्लबचे अध्यक्षही तेच. प्रमोदिनीच्या वडिलांचे ते शेजारी, विद्याधरचं स्थळही त्यांनीच आणलेलं, म्हणून तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. फळ्या काढा, हे तिने त्यांना वर्षभरात तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, रविवारी पोरं कशावर खेळतील? तिसऱ्यांदा त्यांनी तिला कॉफी पाजली आणि विषय स्कर्टवर नेला. स्कर्ट गुडघ्याच्या वर असावा की खाली, यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या होत्या. फळीवर एकही झाली नाही.

त्याच कॉफीच्या वेळी त्यांनी तिच्यापुढे मंडळाच्या नावाचे सहा कोरे कागद ठेवले. दरवर्षीची रीतच होती ती. टायपिस्ट फक्त मंगळवारी यायचा, मंगळवारी तिची शाळा असायची, मग पत्रं अडून राहू नयेत म्हणून कॅप्टनने खाली सही करून ठेवायची आणि मजकूर अण्णांनी वर घालायचा. आतापर्यंत चेंडू, शिट्ट्या, मैदानाचा चुना यांच्यापलीकडे त्या कागदांवर काही गेलं नव्हतं. प्रमोदिनीने सहाही कागदांवर वळणदार सही केली. फळीचा राग पोटात ठेवून तिने सही केली, हे पुढे तिला स्वतःलाच माफ करता आलं नाही.

सिलोनचा संघ सामन्याच्या आदल्या दुपारी मैदान बघायला आला. त्यांच्याबरोबर आलेल्या पंचबाईंनी मान वर करून फळ्या पाहिल्या आणि विचारलं, ह्या इथे कशाला? शेषगिरीअण्णा गोड हसले आणि त्यांनी गुंडू सुताराला हाक मारली. गुंडूने शिडी लावली, नट ढिले केले, दोन्ही फळ्या उतरवून भिंतीला टेकवल्या. प्रमोदिनीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. ज्या कामासाठी अण्णांनी तिला वर्षभर वाटाण्याच्या अक्षता लावल्या, ते काम दहा मिनिटांचं होतं. दातओठ खात ती त्या टेकवलेल्या फळ्यांकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी काय व्हायचं तेच झालं. मधल्या मुलींनी जीव तोडून चेंडू आणला. गोल राखणारी यल्लव्वा, बेळगावकडची, टेलिफोनच्या कारखान्यात काम करणारी, ताडमाड उंच, तिने सिलोनच्या शूटरला घाम फोडला. पण चेंडू प्रमोदिनीच्या हातात आला की तिची नजर आपोआप रिंगमागे जायची, जिथे आता नुसतं आभाळ होतं. हात जुन्या सवयीने जोर लावायचा आणि चेंडू रिंगवरून पलीकडे मैदानाबाहेर जायचा. एकदा नाही, वीसदा. बघायला आलेल्या क्लबच्या पोरांना हसू आवरेना. शेवटच्या पावतासात तिला अंदाज येऊ लागला, चार गोल लागोपाठ पडले, आणि शिट्टी वाजली. छत्तीस-सात.

सिलोनच्या कॅप्टनने हात मिळवताना सांगितलं, की तुमच्या मुली आमच्यापेक्षा जोरात पळतात, सहा महिने नुसत्या रिंगवर सराव करा आणि विलायतेत भेटा. ती शिष्टाचारापुरतं बोलत नव्हती. प्रमोदिनीने ते वाक्य उराशी धरलं. संध्याकाळच्या आत गुंडूने फळ्या पुन्हा चढवल्या होत्या. मग विद्याधरने तो काम करायचा त्या कारखान्यातून लोखंडी कडी वाकवून आणली, घरामागच्या शेवग्याला दहा फुटांवर ठोकली, आणि पाची जणी रोज सकाळी तिथे जमू लागल्या. मे महिन्यापर्यंत प्रमोदिनीचे फळीशिवाय दहातले सात पडायला लागले. शेजारणी नाकं मुरडत होत्या. यल्लव्वा म्हणायची, मुरडू देत, त्यांची नाकं, त्यांचा व्यायाम.

जूनमध्ये शाळेच्या पत्त्यावर विलायतेहून पत्र आलं. पाकिटावर प्रमोदिनीचं नाव. ती ते न फोडताच शेवग्याखाली घेऊन गेली, कारण चांगली बातमी एकटीने वाचायची नसते असं तिला वाटलं. तिने सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

स्पर्धेच्या आयोजकांनी फार सभ्य शब्दांत लिहिलं होतं. भारतीय संघ आंतरराष्ट्रीय खेळाला अजून शरीराने आणि मनाने तयार नाही, त्याला बोलावू नये, हे आपण स्वतः कॅप्टन म्हणून फेब्रुवारीच्या पत्रात प्रामाणिकपणे कळवलंत, त्याबद्दल आभार. आपल्या मताचा मान राखून आम्ही भारताचं नाव यादीतून काढलं आहे. खात्रीसाठी आपल्या पत्राची नक्कल जोडत आहोत.

नक्कल जोडलेली होती. टाइप केलेला मजकूर, आणि खाली प्रमोदिनीची वळणदार सही.

नक्कल हातोहात फिरली. मग यल्लव्वाने विचारलं, "अक्का, ही सही तुझी हाय?"

"माझी आहे," प्रमोदिनी म्हणाली. "कोऱ्या कागदावर केली होती. सहा कागदांवर."

यल्लव्वा तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. ते पाहून प्रमोदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक शेषगिरीअण्णांकडे गेली. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी काही लपवलं नाही. उलट समजावलं, की तिकडे जाऊन छत्तीस-सात झालं तर देशाची शोभा होते, मुलींचे आईबाप मला जाब विचारतात, आणि तुला वाईट वाटेल म्हणूनच तुला मध्ये आणलं नाही. "सरी, असू दे, आता झालं ते झालं," ते म्हणाले. "स्वल्प कॉफी घेऊन जा." तिने कॉफी घेतली नाही. त्या घरात तिने कॉफी नाकारण्याची ती पहिली वेळ. त्यांनी हे वैराने केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. त्यांनी ते मायेने केलं होतं, आणि त्या मायेची तिला किळस आली.

रविवारी सकाळी क्लबची पोरं मैदानावर आली तेव्हा शिडी आधीच खांबाला लागलेली होती. चौघी शिडी धरून उभ्या होत्या आणि वर प्रमोदिनी, हातात विद्याधरचा मोठा पाना. पहिली फळी उतरली. पोरं म्हणाली, अहो, आमची मॅच आहे. यल्लव्वाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि फळी खांद्यावर घेऊन भिंतीकडे निघाली. शिडी दुसऱ्या खांबाकडे गेली.

कुणीतरी सायकलवरून जाऊन अण्णांना घेऊन आलं. ते धोतराचा सोगा सावरत मैदानात आले, तोवर दुसऱ्या फळीचे तीन नट निघाले होते. खेळायला आता स्पर्धा उरली नव्हती, जायला विलायत उरली नव्हती, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी चौघींपैकी कुणीही शिडी सोडली नाही.

अण्णांनी मान वर करून, आवाज न चढवता विचारलं, "प्रमोदिनी, हे कुणाच्या परवानगीने चाललंय?"

तिने चौथा नट फिरवला. फळी सुटली. ती खालच्या हातांत देऊन तिने पाना कमरेला खोचला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे वरून पाहिलं.

"माझ्या सहीचे अजून पाच कोरे कागद तुमच्या कपाटात आहेत, अण्णा," ती म्हणाली. "त्यातल्या एकावर परवानगी टाइप करून घ्या."