पूजेत अडकलेला रंधा

मी जानराव सुताराचा रंधा. माझं अंग बाभळीचं, पातं एलिचपूरच्या लोहाराचं. पाठीवरचा हा हळदीचा डाग मात्र अमरावतीच्या मास्तरांनी दिलेला. घासला तरी जात नाही.

वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. शेतकरी बैलांची शिंगं चांदीनं मढवत होते आणि गाड्यांसाठी, सरकी काढायच्या चरख्यांसाठी सुतारांच्या दारात भांडत होते. ते पाहून एका साहेबाच्या मनात आलं, मोठ्या शाळांतून मुलांना सुतारकाम शिकवावं. त्यासाठी आधी मास्तरांना ते यायला हवं. म्हणून गावोगावचे मास्तर अमरावतीस गोळा केले आणि शिकवायला जानराव नेमला.

पहिल्या दिवशी त्यानं मला पुढे केलं. मास्तर मागे सरकले.

"धरा ना, गुरुजी! चावत नाही तो."

"आधी तोंडी होऊ द्या," मोठे मास्तर म्हणाले. "हाताचं मागाहून पाहू."

या विषयाचं पुस्तक नव्हतं, म्हणून जानरावच पुस्तक ठरला. तो बोलेल ते मास्तर मांडी घालून, डोलत पाठ करत. "रेषा पाहून चाल, बापा. उलटा गेला तं लाकूड दात दाखवते." लगेच सगळी उपरणी एका सुरात, "दात दाखवते!" जानराव मध्येच खोकला तर तेही खोकत. न जाणो, परीक्षेत यायचं. तेल्हाऱ्याचे शेषराव मास्तर सगळ्यांत हुशार. त्यांचा खोकला हुबेहूब.

संध्याकाळी जानराव मला घरी नेई. त्याच्या बायकोला, सुभद्राला, दिवस गेले होते आणि तो पाळणा करत होता. एक दांडी तेवढी खरखरीत राहिली. श्रावणात त्याला वर्गातच पटकीच्या उलट्या सुरू झाल्या. त्याला उचलून घरी नेलं. मी शाळेत राहिलो. तो मला न्यायला आलाच नाही.

मग दसरा आला. मास्तरांनी मला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. नेमका त्याच दिवशी साहेब तपासणीला आला.

"काम दाखवा."

"हत्यारं पूजेत आहेत, साहेब," मोठ्या मास्तरांनी हात जोडले. "हात लावला तर पाप."

साहेबानं आदरानं टोपी काढली, वर्ग उत्तम चालला आहे म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून रोज सकाळी मला ताजं फूल. दसरा गेला, दिवाळी गेली, माझी पूजा काही संपेना. हाराखाली पात्याला गंज चढला. मास्तर खूश. देवाला कोण कामाला लावतो?

दिवाळीनंतर सुभद्राला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी जानरावचा धाकटा भाऊ पुंजाराम शाळेत येऊन उभा राहिला.

"माह्या दादाचा रंधा द्या. पाळण्याची एक दांडी राह्यली."

"दुसऱ्या कुणाचा घे."

"दादानं ज्यानं सुरू केलं, त्यानंच पुरं करीन."

"अरे, पूजेतला देव असा उठवता येत नाही."

"दसऱ्याले महिना होऊन गेला! तुमचा देव झोपला का मेला?" त्यानं हार तोडला आणि मला काखेत मारून निघाला.

मोठ्या मास्तरांनी शेषरावांना मागे पिटाळलं. "देव परत आणा!"

पुंजाराम गाडी हाकणारा. रंधा त्यानं फक्त दादाच्या हातात पाहिलेला. घरी जाऊन त्यानं गंज घासला आणि मला रागानं ढकललं. मी अडकलो, दांडीचं लाकूड सोललं गेलं. त्यानं कपाळावर हात मारला. "उद्या लेकराले काटे घुसतीन!"

"राहू द्या, भाऊजी," खोलीच्या दारातून सुभद्रा म्हणाली.

तेवढ्यात शेषराव दारात आले. आले होते मला न्यायला, पण तोंडाला सवय. "उलटा गेला तं लाकूड दात दाखवते."

पुंजारामनं मान वर केली. सूर जानरावचाच होता.

"आणखीन काय म्हणे दादा?"

शेषरावांनी मांडी घातली, डोळे मिटले आणि डोलू लागले. "पातं केसभर बाहेर. पात्याची पाचर हळू ठोक, बापा, ती काही सासू नाही. रंध्याले ढकलू नको, त्याच्यासंगं चाल."

पुंजाराम चालला. लांबलचक कुरळी ढलपी निघाली. मग तो म्हणाला, "मास्तर, ते टोक दाबून धरा." शेषरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लाकूड धरलं. बोटात लाकडाची बारीक कूस गेली. तिच्याकडे ते कौतुकानं पाहत राहिले.

दांडी गुळगुळीत झाली. सुभद्रानं तिच्यावरून तळवा फिरवला.

"मास्तर," पुंजाराम खाली बघत म्हणाला, "दादा खोके, थेही पाठ हाय का?"

शेषरावांनी पुन्हा डोळे मिटले. मग खोकले. सुभद्रानं पदर तोंडात धरला.

शेषराव मला न घेताच परतले. आता मी पुंजारामच्या हाती आहे. शाळेत दुसरा रंधा आणून बसवलाय. त्यालाही रोज फूल मिळतं म्हणे. तुमच्या गावच्या शाळेत कुणी मास्तर रंध्याला हार घालताना दिसले, तर तो हार काढा आणि पाचर ठोका. हळू ठोका, बापा. ती काही सासू नाही.