आधी नळ्या बघा

मित्रांनो, मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे आणि एक विनंती आधीच करून ठेवतो. माझा मूळ रंग कोणता, हे मला विचारू नका. गेल्या काही वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येकाने हाच प्रश्न काढला आहे. तोही मला विचारला नाही, एकमेकांना विचारला. माझ्यावरून भांडायचं आणि माझ्याकडेच पाठ करून भांडायचं, याची मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझी चण लहान. मी दोन फुटी रुळांवर चालतो. पोटात बॉयलर आहे आणि बॉयलरमध्ये लांब लांब नळ्या आहेत. भट्टीतला जाळ त्या नळ्यांतून जातो, त्यांच्या भोवतीचं पाणी उकळतं, वाफ होते आणि त्या वाफेच्या जोरावर माझी चाकं फिरतात. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे. तिसरीतल्या मुलाला ते कळतं. मोठ्यांना का कळत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

१९५५ साली मी खालापूरजवळ, पाताळगंगेच्या काठच्या एका कागद गिरणीत कामाला लागलो. बांबूच्या मोळ्या आत न्यायच्या आणि कागदाची रिळं हमरस्त्यापर्यंत पोचवायची. काम भरपूर होतं आणि मला ते आवडायचं. गिरणीत पाहुणे आले की मालक त्यांना यंत्रं दाखवण्याआधी मला दाखवत. मी जरा फुगायचो, हे कबूल करतो. वाफेवर चालणाऱ्याने फुगू नये तर काय करावं?

माझा ड्रायव्हर बुधाजी कुंभिवलीचा. त्याची बायको सोनुबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत माझ्या सावलीत बसायची. गिरणीच्या वाघिणी म्हणजे मालाचे डबे, त्यांत माणसांना बसायची परवानगी नव्हती.

"तुमी रोज जाता येता," ती एकदा म्हणाली, "मला कदी न्हेनार?"

"न्हेतो गं एक दिस," बुधाजी भाकरी मोडत म्हणाला. "डब्यात बसवून न्हेतो. मग तर झालं?"

ती पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांतली नव्हती. बुधाजी मात्र दर वर्षी दसऱ्याला मला हार घालताना स्वतःच्या तोंडाने ते वचन पुन्हा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा.

पुढे हमरस्त्यावर ट्रक वाढले आणि गिरणीला माझी गरज उरली नाही. बुधाजी घरी बसला आणि मला पत्र्याच्या छपराखाली उभं केलं. उभं करताना बॉयलरमधलं पाणी काढून टाकायचं असतं. ते कुणी काढलं नाही. पाणी आतल्या आत सडलं आणि नळ्या गंजून गळू लागल्या. कोंबड्या माझ्या केबिनमध्ये अंडी घालत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी मला कधी रंग दिला नाही.

मग मला भाड्याने द्यायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. पहिल्यांदा सिनेमावाले आले. त्यांनी मला पिवळा केला आणि पुठ्ठ्याचं दुसरं धुरांडं बसवलं. मग चौकच्या एका शेठजींनी मुलाच्या लग्नात मांडवापुढे उभं करायला नेलं. तिथे मी गुलाबी झालो. माझ्या केबिनमध्ये बसून वऱ्हाडाने जिलेब्या खाल्ल्या आणि पाक माझ्या चालवायच्या दांड्यावर सांडला. त्यानंतर एका प्रदर्शनात मी निळा झालो. या सगळ्या मुक्कामांत मी एक फूटही चाललो नाही. मला ट्रकवर चढवायचं, उतरवायचं, रंगवायचं आणि लोकांनी माझ्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. इंजिन भाड्याने आणतात ते चालवायला, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

म्हणून १९८० च्या दिवाळीनंतर कर्जतहून टिपणीससाहेब आले, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. टिपणीससाहेब मुंबईच्या कचेरीतून निवृत्त होऊन कर्जतला राहत. जुन्या आगगाड्यांचं त्यांना वेड होतं. त्यांनी चार हौशी माणसं जमवून मंडळ काढलं होतं आणि उल्हास नदीच्या काठी बंद पडलेल्या खडीच्या खाणीचे रूळ दुरुस्त केले होते. बाकांचा एक छोटा उघडा डबाही तयार होता. इंजिन तेवढं नव्हतं. एका हिवाळ्यापुरता पाहुणा म्हणून मला न्यायचं ठरलं, आणि चालवायला बुधाजीला बोलावलं. २६ जानेवारीला मी पहिली गाडी ओढणार होतो.

निघण्याआधी बुधाजी मला बघायला आला, तेव्हा सोनुबाई बरोबर होती. तिचे केस पांढरे झाले होते.

"सोने, आता गिरणी नाय आनि तिची बंदीबी नाय," तो म्हणाला. "सव्वीस जानेवारीला तू पैल्या गाडीत. येष्टीनं कर्जतला ये."

"खरं न्हेनार?"

"म्हंजे काय."

ती माझ्याकडे बघून हसली. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या हसण्याने मला कामच नेमून दिलं. बाकी कुणाला नाही ओढलं तरी चालेल, या बाईला ओढायचं, असं मी ठरवलं.

कर्जतला पोचलो. टिपणीससाहेबांनी नवीन नळ्या आणवून ठेवल्या होत्या. पोपट नावाचा फिटर त्या बसवणार होता. इथवर सगळं इतकं नीट चाललं होतं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"नळ्या बसतीलच," टिपणीससाहेब म्हणाले. "पण आधी रंग. मुंबईहून माणसं कॅमेरे घेऊन येणार. पाहुणं इंजिन मूळ रूपातच धावलं पाहिजे. चुकीचा रंग दिसला तर नाक कापलं जाईल."

आणि ते पत्री, म्हणजे रंग खरवडायची पट्टी, घेऊन माझ्या अंगाला भिडले. प्रदर्शनातला निळा खरवडला, लग्नातला गुलाबी, सिनेमातला पिवळा. त्याखाली हिरवा निघाला. बुधाजी म्हणाला, "सायेब, हाच. मी वीस वरसं चालवलाय. हिरवाच होता."

तो हिरवा त्याने स्वतः दिला होता. पहिल्याच दसऱ्याला, गिरणीच्या फाटकाचा उरलेला रंग मागून आणून. ते तो साफ विसरला होता आणि मी बोलू शकत नव्हतो.

टिपणीससाहेबांनी हिरवाही खरवडला. आता खाली काळा आला. मित्रांनो, तो माझा खरा रंग. मला वाटलं, चला, सुटलो. टिपणीससाहेबांनी त्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ही धुराची काजळी. वर्षानुवर्षांची आहे." आणि माझा खरा रंग त्यांनी काजळी म्हणून खरवडून काढला. काळ्याखाली तांबडा होता. लोखंड गंजू नये म्हणून कारखान्यात आधी तांबडं अस्तर देतात, तसं ते साधं अस्तर होतं.

"सापडला," टिपणीससाहेब म्हणाले. त्यांचे डोळे अगदी भरून आले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला आणखी वैताग येत होता.

तेवढ्यात गौराबाई आल्या. ज्या शेताच्या बांधावरून आमचे रूळ गेले होते ते शेत त्यांचं. भात निघून वाल उगवले होते, त्यांची राखण करायला त्या रोज येत. माझं तांबडं तोंड बघून त्या जागीच थांबल्या आणि त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शेंदूर हाय त्यो."

"नाही हो गौराबाई, हा इंजिनाचा मूळ रंग आहे."

"तुमी म्हना रंग. शेंदूर मला कळतो. आमचा वाघोबा देव बगा बांधावर, तसाच हाय. शेंदराला पत्री लावायची नाय."

"अहो, इंजिनाला शेंदूर कोण लावेल?"

"ज्याला देव दिसला त्यानं लावला. माज्या बांधावरून रूळ न्हेलं, तवा मी काय बोलले नाय. आता बोलतेय."

त्या दिवसापासून खरवडणं थांबलं आणि भांडण सुरू झालं. टिपणीससाहेबांना मी मूळचा तांबडा हवा होतो, बुधाजीला हिरवा आणि गौराबाईंना शेंदरी. रोज सकाळी चहा यायचा आणि रोज तेच बोलणं व्हायचं. गावातली माणसंही येऊन बाजू घेऊ लागली. तोंडावर कोपरभर जागेत माझे सगळे जुने रंग गोल गोल दिसत होते, कांदा कापल्यासारखे. ज्याला जो गोल आवडेल त्यावर तो बोट ठेवायचा.

अशात पोपट फिटर आला. हातोडा घेऊन माझ्या पोटाशी बसला, तर गौराबाई म्हणाल्या, निकाल लागल्याबिगर देवाच्या अंगावर हातोडा पडायचा नाय. टिपणीससाहेब म्हणाले, रंग ठरून, लागून, वाळेपर्यंत ठोकाठोक नको. बुधाजीही म्हणाला, "बस रं पोपट, आदी हिरव्याचं ठरू दे."

पोपट बसला, चहा प्याला, पुन्हा बसला. भातगिरण्यांचा हंगाम तोंडावर होता आणि त्याची वाट बघणारी इंजिनं बरीच होती.

"नळ्या हितं गोनपाटात हायत," शेवटी तो उठून म्हणाला. "तुमचं रंगाचं झालं का सांगावा धाडा. येतो."

तो गेला. मला शिट्टी वाजवता आली असती तर मी तालुका गोळा केला असता. पण शिट्टीलाही वाफच लागते.

शेवटी तडजोड झाली. तोंडाला तेलात कालवलेला शेंदूर, दोन्ही बाजूंना टिपणीससाहेबांचा तांबडा आणि केबिनपासून मागे बुधाजीचा हिरवा. सगळ्यांनी एकमेकांना पेढे दिले. मी धुळवडीत सापडलेल्या म्हशीसारखा दिसत होतो. पोपटला बुधाजीने सांगावा धाडला असेल असं टिपणीससाहेबांना वाटलं. बुधाजीला वाटलं, साहेबांनी.

२६ जानेवारीला सकाळी माणसं जमली. मुंबईचे कॅमेरेवाले आले, शाळेतली मुलं झेंडावंदन करून आली. सोनुबाई पहिल्या येष्टीने आली होती. जपून ठेवलेलं नवं लुगडं नेसली होती. ती सरळ डब्यात चढली आणि पुढच्या बाकावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

बुधाजीने भट्टी पेटवली. मला जाळाची ऊब लागली. इतक्या वर्षांनी लागली. मी नळ्यांना म्हटलं, टिका रे बाबांनो, आजच्या दिवस टिका. पण नळ्या कुठून टिकणार? पाणी तापायच्या आधीच ते नळ्यांच्या तोंडातून जाळावर ठिबकू लागलं. चर्र झालं. बुधाजीने कोळसा घातला, पुन्हा चर्र झालं. थोड्या वेळाने भट्टीत नुसता ओला चिखल राहिला.

"सायेब," बुधाजी खाली उतरून म्हणाला, "नळ्या जुन्याच हायत. पोपट आला न्हवता?"

"तुम्ही सांगावा धाडला होता ना?"

"मला वाटलं, तुमी."

दोघांनी गौराबाईंकडे बघितलं. "माज्याकडं का बगता?" त्या म्हणाल्या. "मी नारळ आनलाय."

टिपणीससाहेब मुंबईच्या माणसांकडे वळून म्हणाले, "असो. पुढच्या वर्षी चालवू. उजेड छान आहे, फोटो तर होऊ देत." आणि मित्रांनो, कुणाला काही वाटलं नाही. कॅमेरेवाल्यांनी माझ्या तांबड्याचं कौतुक केलं. गौराबाईंनी नारळ फोडला. मुलांना खोबरं मिळालं. फोटोत नीट दिसावं म्हणून बुधाजीने पुन्हा ब्रश घेतला आणि माझ्या मागच्या आडव्या पट्टीवर हिरवा हात मारू लागला. दुपारपर्यंत माणसं खूश होऊन घरी गेली.

सोनुबाई डब्यात बसून होती.

"सोने, उतर आता," ब्रश न थांबवता बुधाजी म्हणाला. "झालं."

"काय झालं? हाललं कुटं?"

"आता नाय हालत ते. रंग बगितलास ना? मी दिला तोच हाय."

"रंग मी हितं बसून कसा बगनार?" ती म्हणाली. "माज्याकडं तुमची पाठ हाय, आनि त्येची बी."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती रडतही नव्हती. फक्त उतरली नाही. डब्यामागचे रूळ जिथे वालाच्या शेताच्या बांधावर वळतात, तिकडे मान वळवून बघत बसून राहिली.

बुधाजीने ब्रश रंगाच्या डब्यात टाकला. तो माझ्या आणि गाडीच्या डब्याच्या मध्ये शिरला. मग वाकून त्याने आम्हा दोघांमधली कडी काढली, डब्याला खांदा लावला आणि जोर मिळावा म्हणून एक पाय मागे नेऊन टाच माझ्या ओल्या पट्टीवर रोवली. डबा हलला. सोनुबाईने बाकाची कड धरली. डबा आणखी हलला, आणि म्हातारा धापा टाकत, धोतराला हिरवा रंग लावून घेत, आपल्या बायकोला ढकलत वळणापलीकडे घेऊन गेला. तिकडून तिचं हसू ऐकू आलं. गाडी चालली होती आणि तिचं इंजिन मागे उभं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता मी पुन्हा गिरणीच्या छपराखाली आहे. कोंबड्या आहेत. येत्या हिवाळ्यात आणखी कुणीतरी मला भाड्याने नेणार आहे म्हणे. नळ्यांचं कुणी बोलत नाही, रंगाचे डबे मात्र येऊन पडले आहेत.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती एखादी जुनी गोष्ट आली, तर ती कशी दिसत होती यावर भांडण्याआधी ती काय करत होती ते विचारा, आणि ते तिला पुन्हा करता येईल असं बघा. मग हवा तो रंग द्या, मी ओरडणार नाही. माझ्या मागच्या पट्टीवर मात्र हात मारू नका. तिथे बुधाजीच्या टाचेचा ठसा वाळला आहे. सोनुबाईच्या त्या प्रवासात माझा हातभार तेवढाच आहे, आणि तो मला दिसू द्या.